बॅटरी मटेरियल्समध्ये पीएचडी करायचीय म्हणतेस, मग हे वाच

अगं, तुझा मेल मिळाला, अर्जासोबतचा एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा निबंध) पण वाचला. इंग्लिश छान, मार्क्स छान, पण दोन पानं भरून फक्त "नवीन मटेरियल शोधायचंय" एवढंच लिहिलंयस आणि ते बनवायचं कसं याचा कुठे पत्ताच नाही. खरी मारामारी आता तिथेच चाललीय, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

तू त्यात एमआयटीचे बॅटरीवाले प्रोफेसर येट-मिंग चियांग यांचं नाव टाकलंयस, चांगलं केलंस, पण त्यांच्या कंपन्यांचं पुढे काय झालं ते बघितलंस का? मुळापासून सांगतो. 1997 मध्ये टेक्सासला बॅटरी संशोधक जॉन गुडइनफ यांच्या लॅबमधून लिथियम आयर्न फॉस्फेटचा (एलएफपी, बॅटरीच्या कॅथोडचं म्हणजे धन टोकाचं मटेरियल) पेपर आला, पहिलं नाव अक्षय पाधी, म्हणजे आपलाच भारतीय माणूस. स्वस्त मटेरियल, कोबाल्ट नाही, तापलं तरी सहजासहजी ऑक्सिजन सोडत नाही. आणि तरी सुरुवातीला कोणी फार हुरळून गेलं नाही, कारण त्यातून वीज नीट वाहतच नाही, जेमतेम साठ टक्के लिथियम बाहेर निघायचं आणि तेही अगदी हळूहळू चार्ज केलं तर. मग कोणी कणांवर कार्बनचा थर दिला, कोणी कण नॅनोपर्यंत बारीक केले, आणि 2002 मध्ये चियांग यांच्या ग्रुपने नायोबियमसारखे धातू किंचित मिसळून (यालाच डोपिंग म्हणतात) कंडक्टिव्हिटी कोट्यवधी पटींनी वाढली असं छापलं. त्यावर जोरदार वाद झाला, दुसऱ्या ग्रुप्सचं म्हणणं की डोपिंगचा यात संबंध नाही, भाजताना फॉस्फाइडचं (लोह आणि फॉस्फरसचं संयुग) पातळ जाळं तयार होतं, वीज त्यातून वाहते. ते पेपर सलग वाच, एकाच आकड्याची दोन स्पष्टीकरणं कशी असू शकतात ते कळेल. पण गंमत बघ, वाद चालू असताना पावडर मात्र कामाला लागलेली होती, डीवॉल्टच्या 36 व्होल्टच्या ड्रिलमध्ये चियांग यांच्याच ए123 कंपनीचे सेल होते.

(ए123 हे नाव हामाकर कॉन्स्टंटवरून आलंय, म्हणजे कणांमधली ओढ मोजणारा आकडा, दोन कण आणि मध्ये तिसरा पदार्थ असताना लागणारा. मटेरियल्सवाल्यांचा विनोद, दुसरं काय.)

तीच ए123 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली. कारणं बरीच होती, ई-गाड्यांची मागणीच तेव्हा कमी होती, पण मिशिगनच्या कारखान्यातलं एक वेल्डिंग मशीन नीट कॅलिब्रेट नव्हतं, त्यातून सदोष सेल बाहेर पडले आणि ते बदलून द्यायला साधारण साडेपाच कोटी डॉलर लागणार असं कंपनीनेच जाहीर केलं. केमिस्ट्रीत काही खोट नव्हती! आज चीनमधल्या बीवायडीपासून आपल्याकडच्या कितीतरी ई-गाड्यांपर्यंत तेच एलएफपी धावतंय.

म्हणून म्हणतो, प्रोसेस शीक. कॅथोड बनतो कसा, तर पावडर, कार्बन आणि पीव्हीडीएफ बाइंडर (सगळं चिकटवून ठेवणारं प्लॅस्टिक) एनएमपी नावाच्या सॉल्व्हंटमध्ये कालवून स्लरी करायची, ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरायची, ओव्हनमधून वाळवायची, मग रोलरखाली दाबायची. एनएमपी दोनशे डिग्रीच्या वर उकळतं, तब्येतीला वाईट, त्यामुळे त्याची वाफ पकडून परत द्रव करावी लागते, म्हणजे मोठाले ओव्हन आणि विजेचं भलंमोठं बिल. घाईने वाळवलं तर बाइंडर वर चढून बसतो आणि खालून फॉइलला चिकटलेला थर सुटायला लागतो, कडक उन्हात टाकलेल्या पापड्यांसारखं. म्हणून सगळे ड्राय इलेक्ट्रोडच्या मागे लागलेत, टेफ्लॉनच्या बारीक तंतूंनी पावडर बांधायची, सॉल्व्हंटच नको. चियांग यांच्या 24एम कंपनीने वेगळीच वाट धरली, स्लरी इलेक्ट्रोलाइटमध्येच (सेलमध्ये आयन वाहून नेणारा द्रव) कालवायची आणि वाळवायचीच नाही. यात रिऑलॉजी (घट्ट-पातळ पदार्थ कसे वाहतात त्याचं शास्त्र) आली, पृष्ठताण आला, बारीक छिद्रांमधून आयन किती वळसे घेत जातात ते आलं, तुझ्या मेटलर्जीचा सगळा सिलॅबस आला बघ. आणि रिसर्च म्हणून हे कमी दर्जाचं वगैरे अजिबात नाही, असं कोण म्हणालं तर सोडून दे.

आता लॅब कशी ओळखायची. पेपरमध्ये कॅपॅसिटीचा आकडा बघून भुलू नकोस, आधी लोडिंग बघ. एका चौरस सेंटिमीटरवर एक-दोन मिलिग्रॅम पावडर असेल तर जवळपास काहीही छान चालतं, बाजारातल्या सेलमध्ये त्याच्या दहापट तरी असते. मग हाफ सेल की फुल सेल ते बघ. हाफ सेलमध्ये समोर जाड लिथियम फॉइल असतो, कितीही लिथियम वाया गेलं तरी तो पुरवत राहतो, फुल सेलमध्ये जेवढं कॅथोडमधून आलं तेवढंच. प्रत्येक सायकलला (एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज) 99.9 टक्के लिथियम परत आलं तर ऐकायला भारी वाटतं ना, कॅल्क्युलेटर काढ आणि 0.999 ला स्वतःशीच हजार वेळा गुणून बघ, हातात सदतीस टक्के उरतात. 99.99 असेल तर नव्वद. तो शेवटचा नऊ आणायलाच लोक आयुष्य घालवतात.

प्रोफेसरांशी बोलशील तेव्हा सरळ विचार, कोटर (फॉइलवर स्लरी पसरायचं मशीन) आहे का, पाऊच सेल (पाकिटासारखे चपटे, बाजारातल्यासारखे सेल) करता का, पोरं स्वतः स्लरी कालवतात की इलेक्ट्रोड विकत आणता. ज्यांना हे प्रश्न आवडणार नाहीत तिथे जाऊ नकोस. परदेशातच जायला हवं असंही नाही हं, पुण्याच्या केपीआयटी कंपनीने 2023 मध्ये जाहीर केलेली सोडियम-आयन टेक्नॉलॉजी पुण्यातल्या आयसरबरोबर मिळून केलेली आहे, तिथल्या सीनियर्सना गाठून बोल.

आणि एसओपीमधला तो "जगाचा ऊर्जाप्रश्न सोडवण्यासाठी" वाला पहिला पॅरा उडव. बीटेक प्रोजेक्टमध्ये सिरॅमिकच्या टेपला तडे का जात होते ते शोधलंस ना, चार ओळींत उरकलंयस, ते एक पानभर लिही, फोटो असेल तर तोही लाव. शुक्रवारपर्यंत पाठव, मी बघतो.

तुझा,
दादा