वर्गात ऐतिहासिक कादंबरी पहिल्यांदाच घेताय?

ताई, अख्खी कादंबरी पहिल्याच सत्रात संपवायचा हट्ट धरू नका. एकच प्रकरण निवडा आणि स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. जुन्या वळणाची भाषा मुलांना आधी कानांनी कळते.

समजा, देवगिरीवरची १२९६ची स्वारी निवडलीत. आधी दोनच गोष्टी सांगा: राज्य यादवांच्या रामदेवरायाचं होतं, आणि चालून आलेला अल्लाउद्दीन तेव्हा उत्तरेतल्या कडा या प्रांताचा सुभेदार होता, सुलतान नव्हे. एवढं पुरतं.

खरा रस पुढे आहे. वेढ्याच्या घाईत धान्य समजून गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली, ही कथा फिरिश्ता या इतिहासकाराने सुमारे तीनशे वर्षांनी लिहिली. मुलांना विचारा, लेखकाने ती का घेतली असेल? तिच्याविना प्रसंग कसा वाटला असता? मग चुका शोधायला लावा. सैनिकाच्या शिदोरीत मिरचीचा ठेचा दिसला तर पकडलाच पाहिजे. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, त्याला अजून दोनशे वर्षं होती! अशा शोधासाठी मुलं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून चाळतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- गोष्टीवर सनावळीचे प्रश्न काढणं.
- लेखकाने रचलेले संवाद पुरावा म्हणून सांगणं.
- 'आपले' आणि 'ते' असं बोलणं. वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात. राजा, सुभेदार, सैनिक यांची नावं घेऊनच बोला. इथे पहिल्या दिवसापासून काटेकोर राहा.

बखरी, ताम्रपट, दोन कादंबऱ्यांची तुलना हे सगळं पुढच्या वर्षी. सध्या दौलताबादच्या, म्हणजे त्याच देवगिरीच्या, किल्ल्याचा नकाशा भिंतीवर लावा आणि वाचायला लागा.