फोटो स्टॉप म्हणजे आत जाणार की नाही?

प्रश्न: ताई नमस्कार. मी आणि आमचे हे, दोघंही साठीच्या पुढचे, दिवाळीनंतर आठ दिवसांच्या इटलीच्या ग्रुप टूरला जायचं ठरवतोय. जाहिरातीत रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस सगळं आहे पण कार्यक्रमाच्या कागदावर कोलोसियमपुढे 'फोटो स्टॉप' लिहिलंय आणि फ्लॉरेन्सला 'ओरिएंटेशन टूर'. याचा अर्थ काय घ्यायचा? आणि माझे गुडघे दुखतात, चालावं किती लागेल? (एक वाचक, सांगली)

उत्तर: काकू, पैसे भरायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. फोटो स्टॉप म्हणजे खाली उतरायचं, बाहेरून फोटो काढायचा आणि परत बसमध्ये, आत जाणं नाही. ओरिएंटेशन टूर म्हणजे टूर मॅनेजर चालता चालता हे अमुक ते तमुक दाखवणार, तिथेही तिकीट काढून आत जाणं बहुतेक वेळा नसतंच. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा हे कळलं नव्हतं, इतक्या लांब जाऊन मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा खरा पुतळा बघितलाच नाही, फ्लॉरेन्सच्या चौकात उभी असलेली त्याची प्रतिकृती बघून आले आणि घरी आल्यावर कळलं की खरा तर तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर अकादेमिया गॅलरीत होता, सतरा फूट उंच, एका संगमरवराच्या दगडातून काढलेला. त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, कंपनीला लेखी विचारा की कुठेकुठे आत प्रवेश आहे आणि तिकीट टूरच्या पैशात धरलंय का. वारही बघून घ्या, अकादेमिया आणि उफीझी (फ्लॉरेन्सचीच दुसरी मोठी गॅलरी) सोमवारी बंद असतात आणि व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). तुमचा फ्लॉरेन्सचा दिवस सोमवारी येत असेल तर आत्ताच तारीख बदलून मागा.

चालणं मात्र आहेच. जुन्या शहरांच्या मधल्या भागात मोठ्या बसेसना बंदी किंवा कडक नियम असतात त्यामुळे बस लांब उभी राहते आणि पुढे पायी, तेही रोममध्ये काळ्या दगडी ठोकळ्यांच्या खडबडीत रस्त्यावरून, म्हणून नवे बूट नकोत, दोन महिने वापरलेले जाड तळव्याचे घ्या. कोलोसियमला लिफ्ट आहे, ते आतून जरूर बघा. पिसाच्या मनोऱ्यावर मात्र चढू नका, अडीचशेच्या वर गोल पायऱ्या आणि त्या तिरक्या, आणि तसाही तो खालूनच जास्त चांगला दिसतो. तो 1990 ते 2001 बंद होता, उत्तरेकडची माती हळूहळू काढून तो थोडा सरळ केलाय. व्हेनिसला गाड्याच नाहीत आणि चारशेच्या वर पूल, बहुतेकांना पायऱ्या, तिथे तुमच्या गुडघ्यांची खरी परीक्षा. चालण्याऐवजी व्हापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसने, ग्रँड कॅनॉलमधून शेवटपर्यंत जा, दोन्ही बाजूचे राजवाडे बसल्या जागी दिसतात.

अजून एक, बस मध्येच पाऊण तास थांबली की आपली माणसं कुरकुर करतात. पण युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती कायद्यानेच द्यावी लागते. त्याच्यावर चिडू नका, तेवढ्यात टॉयलेट उरकून घ्या.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. तिथे उपाशी राहावं लागेल का? (पुणे)

उत्तर: अजिबात नाही. पिझ्झा मारिनारा मागा, त्यात नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल, चीज नाही. चीजचं सांगायला हवं कारण खरं पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, पेस्टोमध्ये म्हणजे पास्त्याला लावायच्या हिरव्या चटणीतही तेच पडतं. ताजा पास्ता अंड्याचा असतो, सुका बहुतेक नसतो. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसले तर घाबरू नका, ते नुसतं टेबलावर बसल्याचे. पाणी विकत घेऊ नका, रोममध्ये रस्त्यात लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, पिण्याचं गार पाणी, बाटली भरून घ्या.

प्रश्न: मी कोल्हापूरची. फ्लॉरेन्सला आपल्या महाराजांचं स्मारक आहे असं ऐकलंय, ग्रुप टूरमध्ये दाखवतात का? (कोल्हापूर)

उत्तर: दाखवत नाहीत हो, आणि मला याची फार खंत आहे. चाळीस-चाळीस मराठी माणसं बसने फ्लॉरेन्सला येतात, लेदरच्या दुकानात तासभर घालवतात आणि आपल्या छत्रपतींपासून काही किलोमीटरवरून निघून जातात.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले होते, जेमतेम विशीतले, रोजनिशी इंग्रजीत लिहायचे आणि ती नंतर छापलीही गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच गेले. तिकडे तेव्हा दहनाची रीत नव्हती, खास परवानगी काढावी लागली आणि आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली. आपल्याकडे संगमाचं काय महत्त्व असतं ते तुम्हाला मी काय सांगायचं. त्याच जागी 1874 मध्ये स्मारक उभं राहिलं, वर छत्री आणि खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे तुमचा नवा राजवाडा केला तोच. गावातली माणसं त्या जागेला 'इंदियानो' म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही तेच.

जायचं कसं, तर टूर मॅनेजरला आदल्या दिवशी सांगून फ्लॉरेन्समधला मोकळा वेळ मागून घ्या, तीन-चार जण मिळा आणि टॅक्सी करा. टॅक्सी रस्त्यात हात करून थांबत नाही, स्टँडवरून घ्यायची किंवा हॉटेलवाल्याकडून बोलवायची. 'पियाझ्झाले देल्ल'इंदियानो, काशीने' (Piazzale dell'Indiano, Cascine) एवढं कागदावर लिहून दाखवा. काशीने पार्क खूप लांबलचक आहे आणि स्मारक अगदी पश्चिमेच्या टोकाला, म्हणून ट्रामने जाऊन चालत बसू नका, आणि परतीसाठी टॅक्सी थांबवूनच ठेवा. नोव्हेंबरात गेलात तर पाचच्या आत अंधार पडतो, दुपारीच जा. मी गेले तेव्हा तिथे एक म्हातारे गृहस्थ कुत्रा फिरवत होते, मी हात जोडलेले बघून त्यांनी टोपी काढली आणि मी निघेपर्यंत काही न बोलता तसेच उभे राहिले.