घडी मोडा, चुण्या मोडू नका

प्रश्न : माझ्या आत्यांनी 1995 साली टोकियोहून आणलेला गडद निळा, पायघोळ गाऊन त्यांच्या पश्चात माझ्याकडे आला आहे. त्यावर जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके यांच्या 'प्लीट्स प्लीज' या चुणीदार कपड्यांच्या ब्रँडचे लेबल असून कापड शंभर टक्के पॉलिएस्टर आहे. डिसेंबरमध्ये गंगापूर रोडला भावाच्या लग्नाचे रिसेप्शन आहे, त्या संध्याकाळी तो घालावा अशी माझी इच्छा आहे. परंतु इस्त्रीवाले कापड चुरगळले आहे असे समजून कडक इस्त्री करून देतो म्हणतात, शिंपी चार बोटे कापून आखूड करायला सांगतात, आणि घरच्यांच्या मते पॉलिएस्टरपेक्षा पैठणीच शोभेल. मी काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : गाऊन इस्त्रीवाल्यांकडे दिला असेल, तर तो आजच परत आणा. ज्याला ते चुरगळणे म्हणतात, तीच या वस्त्राची खरी कारागिरी आहे. एरवी कापडाला आधी चुण्या घालतात आणि मग ते शिवतात. मियाके यांनी हा क्रम उलटा केला. 1993 साली सुरू झालेल्या 'प्लीट्स प्लीज'मध्ये कपडा मूळ मापाच्या सुमारे अडीच ते तीन पट मोठा शिवून, कागदांच्या मध्ये ठेवून, उष्ण दाबयंत्रातून काढतात, आणि तो आक्रसून अंगाच्या मापाचा होतो. पॉलिएस्टरचा तंतू उष्णतेने मऊ होतो आणि थंड होताना मिळालेला आकार धरून ठेवतो. म्हणूनच गरम इस्त्री किंवा वाफ तो आकार पुसूनही टाकू शकते.

पॉलिएस्टरविषयी घरच्यांचा आक्षेप मी समजू शकते, कारण येवल्याचे रेशीम आपल्या जिल्ह्यातलेच, आणि त्याच्याशी तुलना होणारच. मात्र इथे हा धागा स्वस्त म्हणून निवडलेला नाही. डिझायनर मारियानो फोर्चुनी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसमध्ये बारीक चुण्यांचे रेशमी गाऊन केले, ते अप्रतिमच आहेत. पण पाणी लागले की त्या चुण्या सुटत आणि गाऊन पुन्हा त्यांच्याकडेच पाठवावा लागे. मियाके यांचा कपडा घरी धुता येतो, आणि रोजच्या वापरातले वस्त्र म्हणूनच त्यांनी तो घडवला होता. पैठणी भावाच्या लग्नात जरूर नेसा, रिसेप्शनला मात्र हाच गाऊन घाला.

कात्री लावू देऊ नका. नवी शिलाई घालताना तळच्या चुण्या दबून कडा पसरते, आणि ती पुन्हा पूर्ववत करण्याचे यंत्र शिंप्याकडे नसते. त्याऐवजी कमरेला मऊ पट्टा बांधून वरचे कापड थोडे ओढून घ्या. लांबी तेवढ्याने आटोक्यात येईल. गळ्यात ठुशी छान दिसेल, कारण ती गळ्यालगत बसते आणि कापडाला घासत नाही. ब्रोच किंवा पिन टोचू नका. डिसेंबरमधल्या नाशिकच्या थंडीला हे पातळ कापड पुरणार नाही, तेव्हा खांद्यावर साधी लोकरीची शाल असू द्या.

नंतर आतल्या लेबलवरील सूचना पाहून, थंड पाण्यात सौम्य साबणाने हातानेच धुवा आणि सावलीत वाळवा. पैठणीची घडी आपण अधूनमधून बदलतो, जेणेकरून जर एकाच रेषेवर तुटू नये. हा गाऊन मात्र चुण्यांच्या दिशेने सैल गुंडाळून सुती पिशवीत ठेवा. हँगरवर टांगलात तर स्वतःच्या वजनाने तो लांबत जाईल. पॉलिएस्टरला कसर लागत नाही, त्यामुळे डांबराच्या गोळ्यांची गरज नाही. आत्यांनी जपलेली खरेदीची पावती किंवा तो गाऊन घातलेले त्यांचे एखादे छायाचित्र सापडले, तर तेही कागदी पाकिटात घालून त्याच कप्प्यात ठेवा.