वाचकांचे प्रश्न : वेस्ट यलोस्टोनच्या बर्फात आधी स्की की स्नोमोबाइल?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही पाच जण चार दिवसांसाठी मोंटाना राज्यातील वेस्ट यलोस्टोन या गावी जाणार आहोत. मी, माझे पती, सत्तरीला आलेल्या सासूबाई, सोळा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी. आम्ही टेक्सासला राहतो आणि आमच्यापैकी कोणीही बर्फावर कधी चाललेलेसुद्धा नाही. मुलाला स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारसायकलसारखी गाडी, चालवायची आहे आणि त्याच्याकडे गाडीचा शिकाऊ परवाना आहे. मला क्रॉस कंट्री स्कीइंग, म्हणजे पायांना लांब स्की जोडून बर्फावरून घसरत चालणे, शिकण्याची इच्छा आहे. सासूबाईंना गावाशेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचे नैसर्गिक कारंजे पाहायचे आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात. एवढ्या दिवसांत हे सगळे जमेल का, आधी काय करावे आणि थंडीचे कपडे एकाच प्रकारचे घेतले तर चालतील का? (एक वाचिका, टेक्सास)

उत्तर : सगळे जमेल, पण पहिला दिवस स्कीला द्या आणि स्नोमोबाइल तिसऱ्या दिवशी ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,०३० मीटर उंचीवर आहे. सखल प्रदेशातून थेट तिथे पोहोचणाऱ्याला पहिल्या दिवशी लवकर धाप लागते, झोप नीट लागत नाही आणि कोरड्या थंड हवेत तहान लागल्याचे कळतही नाही. गावालगत स्की शिकताना दमलात तर पंधरा मिनिटांत खोलीवर परतता येते. स्नोमोबाइलवरून ओल्ड फेथफुलला जाऊन येणे म्हणजे मात्र जवळपास १०० किलोमीटरचा, सबंध दिवसाचा प्रवास असतो, आणि अर्ध्या वाटेत कोणाची तब्येत बिघडली तर सगळ्या गटाचीच पंचाईत होते.

आता कपड्यांविषयी, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला तो वाटतो. एकच पोशाख दोन्हीसाठी चालणार नाही. क्रॉस कंट्री स्कीमध्ये हात, पाय, पाठ, पोट असे सगळे शरीर एकाच वेळी काम करते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही दहा मिनिटांत घाम फुटतो. जाड जाकीट घालून निघालेला माणूस आतून ओला होतो आणि विश्रांतीसाठी थांबला की तोच घाम त्याला गारठवतो. म्हणून स्कीला निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर आणि त्यावर वारा अडवणारे हलके जाकीट पुरते. जाड स्वेटर पाठीवरच्या पिशवीत ठेवून थांबल्याबरोबर चढवावा. स्नोमोबाइलवर याच्या नेमके उलट घडते. माणूस जवळपास स्थिर बसलेला असतो आणि वारा सतत अंगावर येत असतो. हवेचे तापमान उणे १८ अंश सेल्सियस असताना ताशी ४८ किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३२ अंशांइतकी जाणवते आणि सुमारे अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. त्या दिवशी भाड्याने मिळणारा जाड सूट, उंच बूट, चेहरा झाकणारी कानटोपी आणि काच असलेले हेल्मेट हे सगळे हवे. चालवणाऱ्याच्या मुठी गरम राहण्याची सोय यंत्रात असते, पण मागे बसणाऱ्याची बोटे आणि तळपाय आधी गारठतात. तेव्हा मुलीची विचारपूस प्रत्येक थांब्यावर करा, आणि ती ‘ठीक आहे’ म्हणाली तरी हातमोजे काढून बोटे पाहा. बोटाचे टोक पांढुरके दिसले किंवा बधिर वाटले तर ते चोळू नये. काखेत धरून ऊब द्यावी. जीन्स आणि सुती मोजे मात्र दोन्ही दिवशी खोलीवरच राहू द्यावेत, कारण भिजलेले सूत अंगावर लवकर वाळत नाही.

शिकण्यासाठी रॉन्देव्हू स्की ट्रेल्स ही जागा उत्तम आहे. या वाटा गावाच्या कडेपासूनच सुरू होतात. यंत्राने दाबून तयार केलेल्या त्यांच्या फाट्यांची एकूण लांबी ३५ किलोमीटरच्या आसपास भरते आणि त्यांसाठी पास घ्यावा लागतो. इथे बर्फ लवकर पडतो, म्हणून नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात देशभरातले स्कीपटू सरावासाठी येतात. फेब्रुवारीत त्या मानाने गर्दी कमी असते. भाड्याने स्की घेताना ‘क्लासिक’ प्रकार मागा. त्या स्कीच्या तळाला मधोमध खवल्यांसारखी नक्षी असते. तिच्यामुळे स्की पुढे घसरते, पण मागे सरकत नाही, आणि मेण लावण्याच्या खटाटोपात नवख्याला पडावे लागत नाही. बुटाचे फक्त पुढचे टोक स्कीला जोडलेले असते आणि टाच मोकळी राहते. त्यामुळे चालण्याचीच क्रिया लांबवायची असते : उजवा पाय पुढे जाताना डावा हात पुढे, एका पायावर सगळा भार, क्षणभर घसरणे, मग दुसरा पाय. सुरुवातीची काही मिनिटे काठ्या बाजूला ठेवून चालावे, म्हणजे तोल हातांवर न राहता पायांवर येतो.

पडणे तर होणारच, म्हणून उठायचे कसे ते सपाटीवरच शिकून घ्या. कुशीवर वळून दोन्ही स्की एकमेकींना समांतर आणि उताराला आडव्या करायच्या, गुडघ्यांवर यायचे, एक पाय पुढे घ्यायचा आणि मग उभे राहायचे. उतारावर स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवून, गुडघे वाकवून वेग कमी करतात. हे दोन धडे प्रशिक्षकाकडून घेतलेले बरे. दीड-दोन तासांची शिकवणी आणि त्यानंतर सपाट फाट्यावर तासभर सराव एवढे पहिल्या दिवसाला पुरेसे आहे. वाटेवर कोरलेल्या दोन समांतर खोबणी स्कीसाठी असतात, त्यांवरून बुटांनी चालू नये. एका पावलाचा खड्डा मागून येणाऱ्याला पाडू शकतो.

आता मुलाविषयी, आणि इथे थोडी निराशा आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्नोमोबाइल चालवणाऱ्याकडे मोटारगाडीचा पूर्ण परवाना असावा लागतो आणि शिकाऊ परवाना ग्राह्य धरत नाहीत. त्यामुळे उद्यानात त्याला मागेच बसावे लागेल. ही गोष्ट आरक्षण करण्यापूर्वीच त्याला सांगा, तिथे पोहोचल्यावर कळली तर त्याचा दिवस वाया जाईल. उद्यानाबाहेरच्या राष्ट्रीय वनातील वाटांचे नियम वेगळे आहेत. तिथे त्याला चालवता येईल का, हे भाड्याने देणाऱ्यांना त्याचे वय आणि परवाना सांगून विचारा.

उद्यानातील शिस्त कडक आहे आणि ती तशी असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडचा रस्ता मोटारींना बंद असतो. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत त्यावर फक्त बर्फावरची वाहने चालतात. एके काळी इथे दुचाकींच्या जुन्या इंजिनांसारखी धूर ओकणारी यंत्रे इतक्या संख्येने शिरत की प्रवेशद्वारावरच्या रेंजरना मास्क लावावे लागत. २००० साली त्यांवर पूर्ण बंदीचा निर्णय झाला, त्यावर अनेक वर्षे न्यायालयांत वाद चालला आणि अखेर २०१३ साली सध्याची नियमावली आली. तिच्यानुसार वाहनांची दैनंदिन संख्या ठरलेली आहे, यंत्रांच्या धुराला आणि आवाजाला मर्यादा आहेत, वेग कमाल ताशी ३५ मैल असतो आणि रस्ता सोडून बाजूच्या बर्फात जाता येत नाही. वाटाड्याशिवाय जाणाऱ्या छोट्या गटांसाठी सोडत निघते, पण तुम्ही त्या फंदात न पडता अधिकृत वाटाड्याबरोबरच जावे.

वाटाड्याची खरी गरज गव्यांच्या वेळी कळते. दाबलेल्या रस्त्यावर चालणे सोपे पडते, म्हणून अमेरिकन गवे, म्हणजे बायसन, अनेकदा त्याच रस्त्याने येतात. वाटाड्या हात वर करतो, सगळी यंत्रे उजव्या कडेला एका ओळीत थांबतात आणि कळप शेजारून निघून जातो. त्यांच्या पाठीवरचा बर्फ वितळलेला नसतो, इतकी ती लोकर दाट असते. अशा वेळी खाली उतरू नये, इंजिनाचा आवाज वाढवू नये आणि त्यांना मागून रेटू नये. हिवाळ्यात साठवलेल्या चरबीवर जगणाऱ्या प्राण्याला विनाकारण पळायला लावणे त्याच्या जिवावर बेतू शकते. एरवी त्यांच्यापासून किमान २३ मीटर आणि लांडग्यांपासून ९१ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे.

सासूबाईंसाठी स्नोकोच घ्या. हे बंद आणि गरम वाहन रुंद, कमी हवेच्या चाकांवर किंवा रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालते. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उसळते आणि तिथे बसून वाट पाहण्याची सोय आहे. त्याच दिवशी तुम्ही स्नोमोबाइलने गेलात तर सगळे तिथे एकत्र भेटाल. फक्त चढण्याची पायरी किती उंच आहे, हे आधी विचारून घ्या.

प्रश्न : त्याच गावाभोवतीच्या डोंगरांत वाटाड्याशिवाय स्नोमोबाइल भाड्याने घेऊन फिरता येते असे कळले. हिमस्खलनाची भीती कितपत असते? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : तयार वाटेवर राहिलात तर फार नाही, वाट सोडलीत तर बरीच. टू टॉप या डोंगराची प्रसिद्ध फेरी खुणा केलेल्या वाटेने जाते आणि माथ्यावर वाऱ्याने बर्फ थापून झाडांचे पांढरे पुतळे झालेले दिसतात. एवढे पाहण्यासाठी वाट सोडण्याची गरज नाही. हिमस्खलने बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्नोमोबाइलवर बसलेला नवखा माणूस अशा उतारावर अंगठ्याच्या एका दाबाने पोहोचतो. गॅलाटिन राष्ट्रीय वनाचे हिमस्खलन केंद्र हिवाळ्यात रोज सकाळी धोक्याची पातळी जाहीर करते, तिच्यात गावाजवळच्या लायनहेड भागाचाही समावेश असतो. ती वाचल्याशिवाय निघू नका. वाटेबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर बर्फाखाली गाडलेला माणूस सापडावा म्हणून संकेत देणारे शोधयंत्र आणि पाठीवरच्या पिशवीत फावडे व बर्फात खुपसून पाहण्याची लांब सळई असलीच पाहिजे. ही साधने यंत्राच्या पेटीत ठेवू नयेत, कारण यंत्र आणि माणूस वेगवेगळ्या ठिकाणी गाडले जातात. ती वापरण्याचे प्रशिक्षण तुम्ही घेतलेले नसेल तर वाट सोडू नका, आणि जेवणासाठी थांबताना वर तीव्र उतार असलेली जागा टाळा.