बेदाणा कधी काढावा : मनाचा कौल आणि तक्ता

प्रश्न : तासगावात आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. सासरे अनेक वर्षे सौद्यांत माल घेत आले आहेत आणि शीतगृहातला माल कधी काढायचा, हे ते मनाच्या कौलावर ठरवतात. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून गेल्या सात वर्षांची आवक, भाव आणि शीतगृहाचे भाडे यांचे तक्ते संगणकावर तयार केले आहेत. दोन्हींचा मेळ बसत नाही. "बाजार कागदावर कळत नसतो," असे ते म्हणतात. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : आपल्या एका निर्णयाच्या पोटात दोन निर्णय आहेत. माल कसा आहे हा पहिला आणि भाव कुठे जाईल हा दुसरा.

पहिल्यात सासऱ्यांच्या हाताला मान द्यावा. मूठभर बेदाणा आवळून सोडल्यावर दाणे सुटे होतात की एकमेकांना चिकटून राहतात, रंग सर्वत्र सारखा आहे की मध्येच काळपट झाक आहे, हे त्यांना क्षणात कळते. आणि त्यात चूक झालीच, तर तो माल विकताना ती लगेच उघडी पडते. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे अंतःप्रेरणेविषयी परस्परविरोधी मते असलेले दोन मानसशास्त्रज्ञ 2009 मध्ये एकत्र लिहिताना याच निष्कर्षाला आले : ज्या क्षेत्रात काही नियमितता असते आणि आपले बरोबर की चूक हे माणसाला वेळेवर, स्पष्टपणे कळत राहते, तिथेच अनुभवी माणसाच्या अंदाजावर भरवसा ठेवता येतो.

सहा महिन्यांनंतरचा भाव या कसोटीला उतरत नाही. ताज्या द्राक्षांचा दर पडला की तीच द्राक्षे बेदाणा वाळवण्याच्या शेडवर येतात, अवकाळी पाऊस येतो, बाहेरून आयात होते. इतकी कारणे एकत्र आल्यावर आपला कोणता अंदाज कशामुळे खरा ठरला, हे पुढे कोणालाच नीट सांगता येत नाही, आणि लक्षात राहतात ती साधलेली वर्षे. तरीही त्यांच्या 'वाटण्या'मागे कुठल्या भागातील बागांना पाऊस लागला, बाहेरगावचा खरेदीदार फोनवर का घुटमळला, अशी माहिती असते. ती आपल्या तक्त्यात नाही. म्हणून त्यांना कारण विचारावे आणि लिहून ठेवावे.

आता आपल्या तक्त्यांविषयी. नोंदी हजारो असल्या तरी हंगाम सातच आहेत, आणि त्यात 2020 च्या टाळेबंदीचे वर्ष असेल तर ते वेगळे काढूनच पाहावे लागेल. शिवाय तक्ता इंग्रजी महिन्यांप्रमाणे मांडला असेल, तर तो हमखास फसवतो. बेदाण्याची मोठी मागणी रमजान आणि दिवाळीच्या आधी असते. रमजान दरवर्षी सुमारे 10 ते 11 दिवस अलीकडे सरकतो. 2016 मध्ये तो जूनमध्ये सुरू झाला होता आणि 2026 मध्ये फेब्रुवारीत, म्हणजे नवा माल येण्याच्या तोंडावर. अधिक महिन्याच्या वर्षी दिवाळीही लांबते. 'मार्चचा सरासरी भाव' काढण्यापेक्षा 'सणाच्या आधीचे इतके आठवडे' असा स्तंभ करावा. सासऱ्यांना हे न लिहिताही ठाऊक असेल, ही शक्यता मला मोठी वाटते.

प्रत्यक्षात सुरुवात खर्चापासून करावी. दर किलोमागे महिन्याचे भाडे, अडकलेल्या भांडवलाचे व्याज आणि घट यांची बेरीज काढली की, भाव किमान किती चढला तर थांबणे परवडेल, हे ठरते. हा आकडा निर्विवाद आहे आणि तो त्यांच्यापुढे ठेवण्यात कसलाही अनादर नाही. "भाव चढेल का?" असे न विचारता, "मामा, एवढ्यापेक्षा जास्त चढेल का?" असे विचारावे. उत्तर कारणासह, तारीख घालून वहीत उतरवावे आणि मतभेद राहिल्यास सगळा माल एका अंदाजावर न ठेवता टप्प्याटप्प्याने काढावा. मात्र त्यांचा अंदाज वहीत उतरण्यापूर्वी आपला तक्ता त्यांना दाखवू नये; एकदा आकडे डोळ्यांखालून गेले की, त्यांना स्वतःला काय जाणवले होते, हे वेगळे काढता येत नाही.