धानाच्या बांधीतील क्षार: बाटली नको, पहिला पाऊस वापरा

नागपूर जिल्ह्यातील मौदा, कुही आणि रामटेक तालुक्यांतून आलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे. तिन्ही ठिकाणी शेतकरी आधी कृषी केंद्रात गेले, दुकानदाराचा सल्ला घेऊन आले आणि मग विचारते झाले. क्रम उलटा हवा होता.

प्रश्न (मौदा): बांधी (धानाचे बांधबंदिस्त शेत) कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. उन्हाळ्यात पांढरा थर फुटतो. रोवणीनंतर पंधरा दिवसांत पानांची टोके जळतात, बांधीत ठिगळे पडतात. दुकानदाराने खार सहन करणारे वाण आणि जमीन क्षारमुक्त करणारे द्रावण सुचवले आहे.

द्रावण घेऊ नका. मीठ पाण्यात विरघळून बांधीबाहेर वाहून जाते किंवा मुळांच्या खाली निचरून जाते. तिसरी वाट नाही, आणि एकरी अर्धा लिटर ओतून तर मुळीच नाही.

वाणाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण दुकानदार अर्धेच सांगतो. खार सहन करण्याचा गुण धानात खरोखर आहे. केरळच्या किनाऱ्यावरील पोक्कली या जुन्या धानातून शास्त्रज्ञांनी पहिल्या गुणसूत्रावरचा एक भाग शोधला, त्याला साल्टोल म्हणतात. बंगालच्या नोना बोकरा या धानातून त्याच भागातला एक जीन २००५ मध्ये ओळखला गेला. मुळांतून वर चढणारे सोडियम वाटेतच काढून घ्यायचे आणि पानात पोटॅशियम टिकवायचे, हे त्याचे काम. पण साल्टोलचा आधार मुख्यतः रोपाच्या वयात मिळतो. पोटरी आणि फुलोऱ्यातला खार सोसण्याचे काम इतर जीनांकडे असते. एक जीन आला म्हणजे धान खारात वाढले, असे होत नाही.

आणि पोक्कलीचा शेतकरी काय करतो तेही ऐका. तो उन्हाळ्यात शेत रिकामे करतो, मातीचे उंचवटे करतो, पावसाने त्यातला खार धुऊन जाईपर्यंत थांबतो आणि मगच मोड आलेले बी टाकतो. ज्याच्या धानात हा गुण पिढ्यान्पिढ्या आहे, तोसुद्धा आधी खार धुतो. आपण मात्र पिशवी फोडली की धुणे विसरतो.

वाण कुठले, हेही महत्त्वाचे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे सीएसआर मालिकेतील अनेक वाण उत्तरेतल्या चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनी डोळ्यांसमोर ठेवून काढलेले आहेत. पनवेलचे वाण कोकणातल्या खारजमिनीसाठी आहेत. आपल्या काळ्या मातीत, आपल्या पावसात ते किती उतरतील हे दुकानदाराला माहीत नाही. लावायचेच असेल तर एका बांधीच्या कोपऱ्यात, शेजारी तुमचे नेहमीचे वाण ठेवून लावा. सगळी शेती त्यावर टाकू नका.

मग करायचे काय? रोहिणी-मृगाच्या आधी आडवी-उभी नांगरट करा आणि धुरे (बांध) नीट बांधा. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी बांधीत चार बोटे साठू द्या, दोन-तीन दिवस राहू द्या आणि नाल्याच्या बाजूने धुरा फोडून सोडून द्या. शेजाऱ्याच्या बांधीत सोडू नका. असे दोनदा, जमले तर तीनदा करा. पाऊस वाया गेला असे वाटेल, तरी सोडा. चिखलणी मात्र त्यानंतर. आधी चिखल केलात की खालचा थर बसतो, पाणी खाली उतरत नाही आणि क्षार तिथेच राहतो. ही चूक मी दरवर्षी बघतो. चिखलणी नंतर, धुणे आधी.

पऱ्हे (रोपवाटिका) खाऱ्या बांधीत टाकू नका. चांगल्या मातीत, गोड्या पाण्यावर वाढवा. बी उगवताना खार बऱ्यापैकी सोसते, पण दोन-तीन पानांचे रोप सर्वांत नाजूक असते. म्हणून अशा जमिनीत ३० ते ३५ दिवसांचे रोप, एका चुडात तीन-चार, आणि थोडे दाट रोवा. पुन्हा फुलोऱ्याच्या वेळी बांधी आटू देऊ नका. पाणी आटले की उरलेल्या पाण्यातला खार वाढतो आणि लोंबीत पोचट दाणे राहतात. तेव्हा कोणी फवारणी सुचवेल. ऐकू नका, पाणी द्या.

प्रश्न (कुही): बांधीचा एक भाग वाळल्यावर दगडासारखा होतो, ओला झाला की पायाला चिकटतो, पाणी मुरत नाही. दुकानदाराने उभ्या धानात जिप्सम आणि पिवळेपणासाठी युरियाचा जादा हप्ता सांगितला. टाकू का?

दोन्ही नाही. लक्षणे चोपण जमिनीची आहेत, पण डोळ्यांनी ठरवू नका. माती तपासा. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण) १५ टक्क्यांच्या वर असेल, तर जमीन चोपण. पांढरा थर आहे, क्षारता जास्त आहे, पण सामू ८.५ च्या आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या खाली, तर ती क्षारयुक्त. तिथे जिप्समचा (कॅल्शियम देऊन सोडियम हटवणाऱ्या खनिजाचा) उपयोग नाही, धुणे हाच उपाय. प्रयोगशाळेच्या कागदावरची ईसी (क्षारतेचे माप असलेली विद्युतवाहकता) बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन काढलेली असते. पुस्तकातली ४ डेसीसायमन प्रति मीटरची मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची आहे. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळवू नका. दुकानदार जुळवतो.

चोपण निघाली तर जिप्सम उन्हाळ्यात किंवा रोवणीच्या बरेच आधी टाका, वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये मिसळा, पाणी साठवा आणि निचरा करा. पोती किती, हे माती ठरवते. धानासाठी प्रयोगशाळेने काढलेल्या गरजेच्या निम्म्या मात्रेवर काम भागते. निचऱ्याचा चर नसेल तर जिप्सम म्हणजे पैसे मातीत घालणे. उभ्या पिकात टाकलेले गंधकही त्या हंगामात कामाला येत नाही, त्याला मातीत बदलायला वेळ लागतो.

पिवळेपणा आधी ओळखा. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस ठिपके असतील तर जस्ताची उणीव आहे. चिखलणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्या, डीएपीत मिसळू नका. जुन्या पानांची टोके आधी वाळत असतील तर क्षार. टोकाकडून नागमोडी कडा पिवळ्या पडत असतील तर कडा करपा. तिघांवर एकच बाटली विकली जाते. युरिया तीन हप्त्यांत, एकदम नाही. खारलेल्या बांधीत जादा खत म्हणजे जादा मीठ. मात्रा दुप्पट केल्याने पीक दुप्पट येत नाही, मूळ जळते.

मी ज्याचा आग्रह धरतो ते हिरवळीच्या खताचे पीक म्हणजे धैंचा. पाण्याची सोय असेल तर मे अखेर, नाहीतर पहिल्या पावसावर, एकरी १६ ते २० किलो बी टाका आणि ४५ दिवसांनी, फुले येण्याच्या सुमारास, गाडा. चोपण जमीन सोसणारे हे पीक आहे, मुळांनी माती मोकळी करते आणि पुढच्या धानाला नत्र देते.

योजनेचे विचारले आहे. मृदा आरोग्य पत्रिका, धैंच्याचे बियाणे, निचऱ्याची कामे, जे काही यंदा उपलब्ध असेल ते तालुका कृषी कार्यालयात आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर बघा. सातबारा, आधार, बँक पासबुक सोबत न्या. अनुदानाची वाट पाहत पहिला पाऊस घालवू नका.

प्रश्न (रामटेक): जीन बदललेले, खारात येणारे नवे धान आले म्हणतात. दुकानदार सुटे बियाणे देतो आहे.

घेऊ नका. मे २०२५ मध्ये पुसा डीएसटी राइस १ जाहीर झाले, हे खरे. आपल्याकडे ओळखीच्या एमटीयू १०१० या वाणामध्येच एक जीन संपादित करून ते केले आहे, बाहेरचा जीन घातलेला नाही. पानावरची रंध्रे कमी होऊन पाणी कमी उडावे आणि खार-अवर्षण सोसावे, हा हेतू. पण जाहीर झालेले वाण आणि दुकानातल्या गोणीत निघालेले वाण यांत मोठे अंतर असते. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. ती नाही, वाणाचे नाव नाही, लॉट क्रमांक नाही, पक्की पावती नाही, तर पिशवी परत करा. पावती आणि खूणचिठ्ठी पीक निघेपर्यंत जपा, कारण उगवण कमी झाली तर तक्रारीत तीच मागतात.

मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना मे महिन्यातच द्या. पाण्याचा अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (अहवालात आरएससी) लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर निघाला, तर त्या पाण्यावर पऱ्हे टाकू नका.