घूस आणि 'शीतनिद्रा'

रामबागेतल्या एका वाचकाने विचारले आहे: "थंडीत घुशी दिसेनाशा झाल्या की आमच्या घरी 'शीतनिद्रेत गेल्या' म्हणतात. हे बरोबर का? आणि बिळात राहणाऱ्या प्राण्यांना एकच शब्द आहे का?"

बरोबर नाही. इंदुरात दर डिसेंबरात हे कानावर येते आणि दर वेळी डोके फिरते. घूस बाराही महिने उकरत असते. लडाखमधला मार्मोट, म्हणजे जमिनीत राहणारी मोठी खार, मात्र हिवाळाभर बिळात निपचित पडतो. अंगाचे तापमान १० अंशांच्याही खाली जाते. पण तीही निद्रा नव्हे! जमिनीतल्या खारी त्या जडावस्थेतून मधूनच अंग तापवून बाहेर येतात आणि आल्या आल्या झोपतात, इतकी त्यांची झोप तुंबलेली असते. तरी पाठ्यपुस्तके 'निद्रा' सोडत नाहीत. 'शीतनिष्क्रियता' कानाला खडबडीत आहे, पण खरा आहे.

आता खरा शब्द: बिलेशय, म्हणजे बिळात पडून राहणारा. सुश्रुतसंहितेत प्राण्यांचा हा एक वर्गच आहे. साळिंदर, मुंगूस, उंदीर, साप त्यात येतात. 'शी' म्हणजे आडवे पडणे. शय्या, आशय, जलाशय, इतकेच काय संशयसुद्धा याच धातूचा. गंमत पुढेच आहे. सिंह, अस्वल वगैरेंचा वर्ग 'गुहाशय'. तिथे विभक्ती गळाली. 'बिलेशय'मध्ये सप्तमी टिकली, 'युधिष्ठिर'सारखा अलुक् समास, म्हणजे आतली विभक्ती न गळणारा. वैयाकरण याला रूढी म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. गुहा हे नुसते छप्पर, बीळ हे प्राण्याचे दुसरे कातडे. 'बिळात' मधला 'त' गाळला तर प्राणीच उरत नाही, म्हणून तो टिकला.

काही जण याचे भाषांतर 'बिलवासी' करतात. साफ चूक. बिळातले जगणे म्हणजे नुसते राहणे नव्हे, पडून राहणे. उकरत पुढे सरकायला, जमिनीवर तेवढेच चालण्याच्या ३६० ते ३,४०० पट ऊर्जा लागते, असे अमेरिकेतल्या गोफर या बिळे उकरणाऱ्या कृंतकांवर मोजले गेले आहे. भुयारी सस्तनांचा चयापचय मुळात मंद असतो, तो बहुधा म्हणूनच. बंद बोगद्यात ओलावा सुकत नाही, हवा खेळत नाही, जास्त तापून चालणार नाही. बाहेर मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तरी मीटरभर खाली दिवस-रात्रीचा फरक जवळपास पोहोचतच नाही. तिथे स्वस्थ पडून राहणे हीच बचत. 'वास'मध्ये ते पडणे कुठे आहे?

घुशीला बिलेशय म्हणा. थंडीतही.